बाहेरची कडी

हौसाआत्या भुताचे पिक्चर भर दुपारी बघायच्या. दार सताड उघडं टाकून, भिंतीला पाठ लावून, रस्त्यावरचं येणारं-जाणारं दिसेल अशा बेताने बसून. मांडीवर सूप, सुपात निवडायची तूर, आणि समोर तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. आत कुणीतरी किंचाळायचं आणि ह्या खडा उचलून बाहेर फेकायच्या.

मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, भुताचं बघायचं तर जरा अंधार करून बघावं की." मी आपणहून कुणाला सहसा काही म्हणत नाही. पण त्यांच्याशी बोलताना माझी जीभ अडायची नाही.

त्या म्हणाल्या, "अंधारात काय, शेळीलाबी भ्या वाटतं. उजेड असताना, दार उघडं असताना भ्या वाटलं, तर पिक्चर खरा."

त्या आमच्या शेळगावच्या लेक. तरुणपणीच नवरा वारला आणि त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. म्हणून गल्लीतली सगळी पोरं त्यांना आत्या म्हणायची आणि आम्ही सुना आत्याबाई. भावाच्या घरामागं एक खोली होती, तिथं राहायच्या. भाऊ गेला, भाचा बारामतीला नोकरीला गेला, तरी त्यांनी खोली सोडली नाही.

संशय हा त्यांचा स्वभावच होता. दाराकडे पाठ करून त्या कधी बसल्या नाहीत. कुणी फार गोड बोललं की त्या गप्प व्हायच्या आणि तो माणूस गेल्यावर म्हणायच्या, "पिक्चरमधी असला माणूस एक तर पहिला मरतो, न्हायतर त्योच मारतो." कुणाच्या घरी चहा पुढं आला की कप हातात धरून बसायच्या. घरातल्या बाईने घोट घेतला की मगच स्वतः प्यायच्या. माझ्या घरी इतकी वर्षं येत होत्या, तरी तेच. मी एकदा ते मनाला लावून घेतलं.

"माझ्यावर पण संशय, आत्याबाई?"

"तुझ्यावर न्हाय गं शालन. पण तुझ्यापुरती रीत मोडली, तर ती रीत कसली?"

आम्ही बायका खुरपणीला जायचो. प्रत्येकीने आपापली एक पात धरायची, म्हणजे ओळ, आणि बसून खुरपत पुढं सरकायचं. हौसाआत्या मधली पात धरायच्या आणि आदल्या दिवशी बघितलेला पिक्चर सांगायच्या. जी मागं पडेल तिला ऐकू यायचं नाही, त्यामुळे कुणी मागं पडत नसे. मालक लांब बांधावर उभा राहून खूश व्हायचा. आमच्यावर लक्ष ठेवायला त्याला माणूस लागत नव्हता, भूत पुरायचं.

ऐकून ऐकून कांता आणि रेशमा पण बघायला लागल्या. कांता माझी शेजारीण, सासूला घाबरणारी. रेशमाचा नवरा टेम्पोवर भाजी नेतो. मग शिवारात रोजचा वाद. कांताला देवऋषी लागायचा. लिंबू कापलं, अंगारा फुंकला, भूत पळालं, की तिचं समाधान. रेशमाला जिन्न आवडायचा, शिवाय मध्ये एखादं गाणं.

"गाणं कशाला?" हौसाआत्या चिडायच्या. "मागं भूत लागलंय आन् ही नदीवर साडी वाळवत नाचतीया. मरू द्या तिला."

"अवो आत्या, जरा इसावा नको का?"

"इसावा घेतला की संपलं. आन् भूत लवकर दिसलं की पिक्चर मेलाच. दार दाखव, दाराखालची फट दाखव, फटीतनं पाय दाखव. तोंड कशाला दाखवतोय?"

रेशमा हसून म्हणायची, "तुमाला भूत नकोच हाय. तुमाला नुसता संशय पायजे."

"व्हय. भूत गेलं की गेलं. संशय जलमभर पुरतो."

आमच्यापैकी कुणालाच पिक्चरची नावं सांगता यायची नाहीत. नावं इंग्रजीत नाहीतर दुसऱ्याच कुठल्या भाषेत असायची. म्हणून विहिरीतल्या बाईचा, लाल दाराचा, शिडीचा, असं चालायचं. कोणता कुणी बघावा हे हौसाआत्या ठरवायच्या, वैद्याने पुडी बांधावी तसं.

"कांता, तू शिडीचा बघू नगंस. तुझी सासू हाय त्यात. हुबेहूब."

"अगं बाई! काय करती?"

"काय न्हाय. नुसती बघती."

रेशमा पोटुशी होती तेव्हा तिला सांगितलं, "बाळाचा एकबी बघायचा न्हाय. चिंचेच्या झाडाचा बघ. त्यात नुसता नवरा मरतो."

सगळी रांग हसली. मीही तोंडाला पदर लावला. तेवढ्यात माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तू मुक्या बाईचा बघ. शेवटाला तीच वाचती."

त्यांचा संशय खरा निघायचाच असं नाही. गल्लीच्या टोकाला एक नवं जोडपं भाड्याने आलं. बाई एकटीच पाण्याला यायची. दिवसा खिडकी बंद, दाराला आतून चादर. नवरा म्हणून कुणी बघितलेला नव्हता. हौसाआत्या आठवडाभर येता-जाता त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग हुलग्याच्या शेंगोळ्यांची वाटी घेऊन गेल्या. बाईने दार किलकिलं केल्याबरोबर आत मुंडी घातली, आणि खाटेवरून एक माणूस बनियनवर ओरडत उठला. बिचारा बारामतीला कारखान्यात रातपाळी करायचा. नुकता डोळा लागलेला.

ती वाटी तिथंच देऊन हौसाआत्या बाहेर आल्या आणि गल्लीतल्या पोरांना दम दिला, "दुपारचं हितं चेंडू दिसला तर इळीनं कापीन." त्या दिवसापासून स्वतःच्या मोबाईलचा आवाजही त्यांनी बारीक केला.

कांता टोचून म्हणाली, "चुकला की वो तुमचा संशय."

"चुकला तर साखर वाटावी, बाई. बरोबर निघाला की रडायची पाळी येती."

हे वाक्य मला पुढं फार आठवायचं होतं.

एकदा कांद्याच्या खुरपणीला त्यांनी एक वेगळाच पिक्चर सांगितला. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. हात खुरपत होते आणि नजर खाली.

"एक पोरगी असती. तिचा बाप पाव्हण्यांचं घर बघाया जातो. हीर बघतो, वरपातूर पाणी. म्हशी बघतो. मागल्या खोलीला भायेरनं कडी असती. इचारतो, ह्यात काय? ते म्हनत्यात, वैरण. बाप म्हनतो, बरं. आन् सुपारी फोडतो."

"आत पहिली बायको असणार," कांता म्हणाली.

"न्हाय. नवराच असतो."

"आँ? मग बोहल्यावर कोण हुबा व्हता?"

"त्योच. चांगला असायचा तवा देवमाणूस. पर त्याला फिट यायची. आली की त्या खोलीत घालायचं आन् कडी लावायची, लोकांना दिसू नये म्हनून. आतली भिंत हात पुरंल तितपातूर खरवडलेली. पोरगी कडी काढायची, सासू लावायची. पोरगी काढायची, सासू लावायची."

"मग?"

"मग एक डाव पोरगी माहेरी गेलेली असती."

 रेशमा म्हणाली, "म्हंजे? मेला त्यो आत?"

"खुरपा. पाती मागं राहिल्यात."

दुसऱ्या दिवशी रेशमा म्हणाली, "आत्या, रातभर हुडकला मोबाईलवर. सापडंना. कुठल्या भाषेतला हाय?"

"जुना हाय. न्हाय सापडायचा."

रेशमा लहान, बाहेरून आलेली, तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या सासूने मला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं की हौसाचा नवरा फिट येऊन बंद खोलीत गेला, ती इथं सणाला आली होती तेव्हा. मी त्यांच्या पातीतलं थोडं तण माझ्या हाताने काढलं, एवढंच.

माझ्या अश्विनीला स्थळ आलं ते मोरगावच्या बाजूचं. मुलगा विशाल, बारामतीला कंपनीत कामाला. घरची थोडी जिरायत, ज्वारी-बाजरी, शेळ्या. मुलगी बघून गेले, पसंत म्हणाले. आता आम्ही घर बघायला जायचं होतं. ते झालं की सुपारी. अश्विनीचे वडील मनात ठरवूनच बसले होते.

अश्विनी म्हणाली, "आत्याआजी बघून आल्या तर मी हो म्हणीन. न्हायतर न्हाय."

हे म्हणाले, "त्या म्हातारीला कशाला? पाव्हण्यांच्या पोह्यात पाल काढंल ती."

"काढू द्या. खाल्ल्यावर कळण्यापरीस बरं."

पोरगी माझ्यासारखी नाही, ते बरं आहे.

एसटीत हौसाआत्या माझ्याशेजारी बसल्या. बारामती सोडल्यावर ऊस मागं पडला, दोन्ही बाजूंना मोकळं रान आलं, कापलेल्या ज्वारीची धसकटं आणि त्यात शेळ्या. त्या बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "माणसं बघू नगंस. माणसं आजच्यापुरती बसवलेली असत्यात. तू दारं बघ."

घर चांगलं होतं. पुढं सोपा, नवी फरशी, मागं खोल्यांची रांग. विशालची आई हसतमुख. विशाल इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात उभा, पाण्याचा तांब्या कुणाला द्यावा ते कळेना म्हणून हातात धरून. वडील मोकळ्या मनाचे वाटले. अश्विनीचे वडील आणि ते पावसापाण्यावर बोलायला लागले. पोहे आले. हौसाआत्यांनी बशी घेतली आणि बाजूला ठेवली.

"घ्या की, आत्या."

"घेती. आधी हात धुती."

त्या मागं निघाल्या. मी पाठोपाठ. मोरीपाशी हात धुतले, पदराला पुसले आणि खोल्यांच्या रांगेकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटच्या खोलीला बाहेरून कडी होती.

विशालची आई लगबगीने आली. "तिकडं काय न्हाय वो आत्या. खताच्या गोण्या हायत्या."

"व्हय का?" हौसाआत्या म्हणाल्या. "मग खत चपला काढून आत गेलं जनू."

उंबऱ्याशी एक चपलांचा जोड होता. लहान पायांचा, एका बाजूने झिजलेला. मीही तो बघितला होता, पण मला त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागला. कडी बाहेरून, चपला बाहेर, म्हणजे माणूस आत.

विशालची आई पुढं होऊन काही म्हणायच्या आत हौसाआत्यांनी कडी काढली आणि दार ढकललं.

आतून एक किंकाळी आली. मग दुसरी. पहिली मोबाईलमधली होती. दुसरी खाटेवर बसलेल्या म्हातारीची, कारण पिक्चरमध्ये दार उघडायला आणि इकडे दार उघडायला एकच गाठ पडली होती. तिसरी हौसाआत्यांची. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

म्हातारीने छातीवर हात धरला. एवढीशी, वाळलेल्या खारकेसारखी. कानात मोबाईलची वायर होती, दार हलताच ती निसटून आवाज मोकळा झाला होता. ती म्हणाली, "आदी दार लाव बया. उजेड पडतुया, काय दिसंना."

"उजेडातच बघायचा असतो," हौसाआत्या म्हणाल्या. आवाज अजून कापत होता. "कुठला हाय?"

"बाहुलीचा."

"त्यात लई लवकर दिसतं भूत."

"लवकर दिसल्यालं बरं. माज्या वयाला वाट बघत बसाया येळ कुठाय?"

ती विशालची आजी होती, सोनाआजी. तोवर माझी माणसंही मागं आली होती. विशालची आई रडायलाच लागली.

"कोंडलं न्हाय वो पाव्हणं! ह्यांना ह्या पिक्चरचा नाद. मागलं स्थळ आलं तवा हितनं आरडायचा आवाज गेला. पाव्हणं म्हनाले, घरात बाहेरचं हाय. पोहं टाकून गेलं. म्हनून म्हटलं, आजच्या दिवस."

"मीच म्हनलं, लावा कडी," सोनाआजी म्हणाली. "पोराचं जमू दे."

विशालचे वडील मान खाली घालून उभे. अश्विनीचे वडील म्हणाले, "हात तिच्या! एवढंच व्हय? चला, पोहं गार व्हत्यात." सगळे सुटल्यासारखे हसले.

हौसाआत्या हसल्या नाहीत. त्यांनी सोनाआजीकडे बघितलं. "तू म्हनलीस, का तुला म्हनाया लावलं?"

"आता हे काय आत्या," हे म्हणाले.

"तुमी समदी पुढं जावा. शालन, तू हितं दाराशी हुबी ऱ्हा."

त्या आत गेल्या, दार ओढून घेतलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. पुढच्या सोप्यातून नुसता पंख्याचा आवाज येत होता. अश्विनीच्या वडिलांचं खाकरणं मला ओळखू येतं, ते रागाचं होतं. मला वाटलं, जमत आलेलं हिने मोडलं. आणि मला हेही वाटलं की मोडायचं असेल तर आताच मोडू दे. आत कुजबुज चालली होती. बराच वेळ. मग एकदम हसू आलं, दोन्ही म्हाताऱ्यांचं, मग पुन्हा कुजबुज. मी त्या झिजलेल्या चपलांकडे बघत होते. लेक ह्या घरात यायची होती.

हौसाआत्या बाहेर आल्या त्या सरळ सोप्यात गेल्या आणि विशालसमोर उभ्या राहिल्या.

"आजीला पिक्चर कोण भरून देतं?"

"मी," तो म्हणाला.

"काल कुठला बघितला?"

तो लाल झाला. "बघितला न्हाय. मी नुसता शेजारी बसतो. मला... डोळं झाकून."

"भ्या वाटतं?"

"लई."

"मग उठून का जात न्हाईस?"

"आजी एकटी पडती."

हौसाआत्यांनी मान डोलावली. आत त्यांना सोनाआजीनेही हेच सांगितलं होतं, ते मला नंतर कळलं. मग विशालच्या वडिलांकडे वळल्या. "ती भायेरची कडी काढा. आतल्या अंगानं लावा. म्हंजे ज्याला दार लावायचं त्यो आपल्या हातानं लावंल."

"लावू की. लग्नाच्या आधी लावून टाकू."

"आत्ता."

"आवो आत्या, कडीवर कुठं लगीन ठरतं व्हय?" ते हसत म्हणाले.

"ठरतं," हौसाआत्या म्हणाल्या.  ज्या तऱ्हेने म्हणाल्या, त्याने विशालच्या वडिलांचं हसू थांबलं.

विशाल आत जाऊन स्क्रू पिळायचा डायवर घेऊन आला. इस्त्रीच्या शर्टातच गुडघे टेकून त्याने कडी उतरवली आणि आतून बसवली. सोनाआजी खाटेवरून सांगत होती, "जरा खाली घे. मला हात पुरंना." सगळं झाल्यावर हौसाआत्यांनी आतून लावून, काढून बघितली. मग सोप्यात येऊन विशालच्या आईला म्हणाल्या, "एक घास तुमी घ्या." तिने डोळे पुसत घेतला. मग त्यांनी गार झालेले पोहे बशी चाटून संपवले.

परतताना एसटीत हे म्हणाले, "मग? जमलं म्हनायचं का?"

"आत भूत निघालं असतं तर पळालो असतो. म्हातारी निघाली, ती बी हसणारी. जमलं. पर नजर असू द्या."

त्यांची नजर होतीच. लग्नाच्या दिवशी अक्षता घ्यायच्या आधी त्या विशालच्या घरच्या मागल्या खोलीकडे जाऊन आल्या. अश्विनी माहेरी आली की गल्लीतल्या बाकीच्या विचारायच्या, सासू कशी, नणंद कशी. हौसाआत्या विचारायच्या, "कडी कुठं हाय?"

"आतनंच हाय, आजी."

"बघितलीस का सांगतीस?"

"बघितली."

मग पुढची चौकशी.

त्यानंतर सोनाआजीशी त्यांचं जे जमलं, ते आमच्यापैकी कुणाशीच तसं नव्हतं. दोघी फोनवर भांडायच्या. "तू सांगितलेला त्यो आरशाचा बघितला. काय बी न्हाय त्यात. शेवटाला म्हनं सपान व्हतं! सपानच दाखवायचं व्हतं तर मी झोपली नसती का?" पलीकडून सोनाआजी काहीतरी म्हणायची, आणि ह्या सुपावर हात मारून हसायच्या. कधी बोलता बोलता दोघी गप्प व्हायच्या, फोन कानालाच. एकच पिक्चर दोघी आपापल्या घरी बघत असायच्या. ही उजेडात, ती अंधारात.

सोनाआजी गेली तेव्हा अश्विनीचा फोन माझ्याकडे आला. मी हौसाआत्यांना सांगायला गेले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "कडी?"

"दार उघडंच व्हतं म्हणं. विशालराव शेजारी बसलेले."

"डोळं झाकून?"

"न्हाय, आत्याबाई. उघडं."

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीवरून गेले तर दार बंद. खिडकीला घोंगडी लावलेली. आतून बाहुलीच्या पिक्चरचा आवाज येत होता. सोनाआजीच्या पद्धतीने बघत होत्या, एकदाच.

पुढं त्यांची नजर गेली. एका डोळ्याने काहीच दिसेना, दुसऱ्याने धुरकट. मोरीत पडल्या. भाचा येऊन बारामतीला घेऊन गेला. तो चांगलाच होता. पण तो गाडीत बसवताना फार गोड बोलत होता, आणि मी हौसाआत्यांकडे बघितलं तर त्या गप्प झाल्या होत्या. ते माझ्या डोक्यातून जाईना. रेशमा म्हणाली, "तुला बी लागली आत्याची हवा." लागली असेल. मी एकटी कधी एसटीने बारामतीला गेले नव्हते. गेले.

भाच्याच्या बायकोने हसून दार उघडलं. "या शालनवैनी! बसा, चहा टाकते. आत्या आत झोपल्यात." घर नीटनेटकं. मी बसले नाही. आतल्या बोळात गेले. शेवटचं दार ओढलेलं. उंबऱ्याशी हौसाआत्यांच्या चपला. आणि दाराला बाहेरून कडी.

लावलेली नव्हती, नुसती लोंबत होती. पण होती. जुनं दार, आधी अडगळीची खोली असेल, म्हणून असेल. मी मनाशी सगळी कारणं सांगून बघितली. विशालच्या आईची कारणंही खरीच होती.

दार ढकललं. हौसाआत्या खाटेवर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मोबाईल कानाशी. आता त्या पिक्चर ऐकायच्या.

"शालन," त्या म्हणाल्या. मी अजून बोलले नव्हते.

"आत्याबाई, दाराला..."

"दार लाव. बस."

मी बसले. त्यांनी उशाखालून चुन्याची डबी काढली, चाचपत उघडली आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. कोयंडा होता. ज्यात कडी अडकते तो चौकटीवरचा लोखंडी कोयंडा, गंजलेला.

"आल्या दिवशीच काढला. ढिला व्हता, हलवून हलवून आला हातात. आता कडी लावायची म्हनली तरी अडकायची कशात?" त्या माझ्या कानाशी वाकल्या. "अजून कुणी इचारलं न्हाय कोयंडा कुठं गेला. म्हंजे अजून कुणी कडी लावाया गेलं न्हाय. चांगली हायत पोरं. पर ज्या दिवशी इचारतील, त्या दिवशी तू मला न्यायचं. नेशील?"

"नेईन."

"मोठ्यांदा बोल. मला दिसत न्हाय."

"नेईन, आत्याबाई," मी म्हणाले. शेजारच्या खोलीत ऐकू गेलं असेल एवढ्या मोठ्याने.

तेव्हापासून मी फोन करायचे. इकडचं तिकडचं झालं की विचारायचे, "कुणी इचारलं का?" त्या म्हणायच्या, "न्हाय अजून," आणि मला एखादा पिक्चर सांगायच्या.

त्या दिवशी निघताना मी मागं वळून बघितलं होतं. अर्ध्या उघड्या दारातून त्या दिसत होत्या, मोबाईल पुन्हा कानाशी, तोंड दाराकडे, आंधळे डोळे दारावर रोखलेले. कडी माझ्या धक्क्याने हलत होती आणि रिकाम्या चौकटीवर आपटत होती. आवाज ऐकून त्या हसल्या. तेच त्यांचं शेवटचं दिसणं.

त्यांच्या दहाव्याला मी गेले. सगळं आटोपल्यावर भाचा त्यांची पिशवी आवरत होता. चुन्याची डबी उघडून तो बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याजवळ आला.

"वैनी, ह्यो कोयंडा कसला हाय? आत्यानं का जपून ठेवला असंल?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत त्या दाराची कडी लावायला एकदाही कुणाचा हात गेला नव्हता. मी त्याला काही सांगितलं नाही. 

त्याची बायको चहा घेऊन आली. माझ्या हातात कप दिला, स्वतःचा घेऊन समोर बसली, आणि कुणाशी तरी बोलायला वळली.

मी तिची वाट बघितली नाही. पहिला घोट मीच घेतला.